जुनी पेट्रोल गाडी गरम होते: ती कधी गरम होते ते आधी ओळखा, मग पाना हातात घ्या

जुनी गाडी गरम होते म्हणून गॅरेजमध्ये नेली की बऱ्याच ठिकाणी पहिलं काम एकच होतं: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाण्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायचा आणि पंखा थेट चावीला जोडून द्यायचा. काटा दोन महिने खाली राहतो, मालक खूश होतो. मूळ बिघाड मात्र आत तसाच वाढत राहतो. मग मे महिन्यात खंबाटकी किंवा कसारा चढताना हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) जातं आणि शे-दोनशे रुपयांच्या रेडिएटरच्या टोपीत मिटलं असतं ते काम इंजिन खोलण्यापर्यंत पोचतं. म्हणून इथे क्रमाने, स्वस्तापासून महागाकडे आणि न खोलता होणाऱ्या तपासण्यांपासून खोलाव्या लागणाऱ्या तपासण्यांकडे जाऊ.

उदाहरणाला मारुती ८०० घेतली आहे. १९८३च्या डिसेंबरात आलेली आणि २०१४च्या जानेवारीत बनायची थांबलेली ही गाडी महाराष्ट्रात अजून पुष्कळ घरांत आहे. इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं, हेड अॅल्युमिनियमचं, रेडिएटरला विजेवर चालणारा पंखा. झेन, एस्टीम, सँट्रो यांच्याही पाण्याच्या यंत्रणेची मूळ रचना अशीच, त्यामुळे तपासणीचा क्रम तोच राहतो. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली आणि रेडिएटर समोर असल्याने पाण्याचे पाइप लांब पडतात. तिथे हवा अडकण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

काटा वर गेला की पहिली दहा मिनिटं

अॅल्युमिनियमचं हेड उष्णतेने वाकतं. काटा लाल पट्ट्यात असताना "पुढच्या धाब्यापर्यंत जाऊ" म्हणून ओढलेले दोन-तीन किलोमीटर सगळ्यात महाग पडतात. एसी लगेच बंद करा. गाडीला हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. आत उकडेल, पण हीटरचा कोर म्हणजे छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनमधली बरीच उष्णता ओढून घेतो. मग गाडी कडेला घ्या.

आता इंजिन बंद करायचं की चालू ठेवायचं? वाफ येत नसेल, खाली पाणी सांडत नसेल आणि काटा नुकताच वर सरकला असेल तर न्यूट्रलमध्ये किंचित अॅक्सिलरेटर दाबून मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवा. इंजिन बंद होताच पाण्याचा पंपही थांबतो आणि हेडभोवतालचं पाणी जागच्या जागी आणखी तापतं. काटा खाली यायला लागला नाही तर मात्र बंद करा. वाफ दिसली, पाणी सांडताना दिसलं किंवा बेल्ट तुटलेला असेल, तर वाट पाहू नका, इंजिन तत्काळ बंद करा.

बॉनेट उघडून ठेवा आणि रेडिएटरच्या टोपीला किमान पाऊण तास हात लावू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं. टोपी सैल झाली की दाब जातो, पाणी एकदम उकळून वर उडतं आणि तोंड, हात, छाती भाजते. फडकं धरून उघडणं हा उपाय नाही. वरच्या होज पाइपला हात लावून तो दाबता आला, कोमट लागला, तरच टोपी अर्धी फिरवा, उरलेला दाब जाऊ द्या, मग पूर्ण काढा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नका, बाहेरूनही मारू नका, हेडला किंवा ब्लॉकला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर ते चालू करून बारीक धारेने भरा. अडचणीच्या वेळी साधं पिण्याचं पाणी चालतं. हळद टाकून गळती थांबवण्याची जुनी रीत बारीक छिद्रावर गाडी घरापर्यंत आणू शकते, पण तीच हळद पुढे रेडिएटरच्या नळ्यांत बसते. टाकलीच असेल तर घरी आल्यावर आधी सगळं पाणी काढून यंत्रणा धुवा.

कधी गरम होते?

कुठलाही भाग बदलायच्या आधी या प्रश्नाचं उत्तर मिळवा. निम्मं निदान त्यातच होतं.

सिग्नलला, गर्दीत, उभी असताना गरम होते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर दोष हवेत आहे. ताशी ४०-५० किलोमीटरच्या वर गेल्यावर समोरून येणारी हवाच रेडिएटरला पुरते, पंख्याची गरज उरत नाही. त्याखाली सगळं पंख्यावर. तेव्हा पंखा, त्याचा स्विच, रिले, फ्यूज आणि रेडिएटरच्या जाळीवरची धूळ पाहा.

गर्दीत ठीक, पण ८०च्या वेगाला किंवा घाट चढताना गरम होते, तर हवा पुरेशी आहे, पाणी पुरेसं फिरत नाही. आतून क्षाराने भरलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला पंप, घसरणारा बेल्ट किंवा चेपणारा खालचा होज यांपैकी काहीतरी आहे. इथेच इग्निशनचं टायमिंग मागे पडलेलं असणं (ठिणगी उशिरा पडणं), कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ असणं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), सायलेन्सर चोंदणं आणि ब्रेक घासत राहणं हेही बघावं लागतं. पाच-सहा किलोमीटर चालवून चारही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन पाहा. एकच चाक भट्टीसारखं तापलेलं असेल तर ते चाक इंजिनाला विनाकारण राबवतंय.

सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर तीन-पाच मिनिटांतच काटा चढतो, तर पाणीच कमी आहे, हवा अडकली आहे, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा हेड गॅस्केट गेलं आहे. आणि गरम फारशी होत नाही, पण दर आठवड्याला पाणी घालावं लागतं, ही तक्रार सगळ्यात गंभीर समजा. पाण्याची यंत्रणा बंदिस्त असते, तिथून पाणी आपोआप संपत नाही.

काटा खोटंही बोलतो. सेन्सरला एकच वायर असलेल्या गाडीत चावी ऑन करून ती वायर काढा: काटा थंडवर यायला हवा. तीच वायर क्षणभर इंजिनच्या धातूला टेकवा: काटा गरमकडे जायला हवा. वायर काढूनही काटा वरच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर थर्मोस्टॅटच्या झाकणावर नेम धरा, पण चकचकीत अॅल्युमिनियमवर तो कमी आकडा दाखवतो. आधी तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. ८५ ते ९५ अंश म्हणजे तब्येत ठीक आहे.

थंड इंजिनवरची पाहणी

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर हे करा. रेडिएटरची टोपी उघडा. पाणी तोंडापर्यंत असायला हवं. रिझर्व्ह बाटली भरलेली आहे म्हणजे रेडिएटर भरलेला आहे, असं समजू नका. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हे टोपी खराब असल्याचं ठळक लक्षण आहे.

टोपीला कमी लेखू नका. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. ०.९चा दाब असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट (पाण्यात मिसळून भरायचा रंगीत द्रव) त्याहून वर. स्प्रिंग मेली किंवा खालचं रबर कडक झालं की हा दाब धरला जात नाही आणि पाणी शंभरलाच उकळून बाटलीत फेकलं जातं. टोपीच्या मधोमध एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन निवताना तो बाटलीतलं पाणी परत आत ओढू देतो. तो अडकला तर थंड झालेल्या गाडीचा वरचा होज चपटा झालेला दिसतो. नखाने व्हॉल्व्ह ओढून सोडा, सहज मागे बसायला हवा. शंका आली तर टोपी बदला, आणि त्याच आकड्याची घ्या. जास्त दाबाची टोपी लावून गरम होणं थांबत नाही, जुने होज मात्र फुटतात.

मग बेल्ट. मारुती ८०० मध्ये पाण्याचा पंप अल्टरनेटरच्याच बेल्टवर फिरतो. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने जोरात दाबल्यावर बेल्ट साधारण ६ ते ९ मिलिमीटर आत जावा. जास्त जात असेल तर ताणा. आतली बाजू काचेसारखी चमकत असेल किंवा तडे असतील तर ताणून उपयोग नाही, नवा घाला. फार ताणलेला बेल्ट पंपाचं बेअरिंग खातो.

होज दाबून पाहा. मऊ, फुगीर, तेलकट झालेले किंवा दाबल्यावर करकरणारे बदला. खालच्या होजकडे विशेष लक्ष हवं, कारण तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. कोणालातरी अॅक्सिलरेटर ३००० आरपीएमपर्यंत दाबायला सांगा आणि वाकून बघा. तो आत चेपत असेल तर महामार्गावर गरम होण्याचं कारण सापडलं. उभ्या गाडीत, नेहमीच्या आयडलिंगला हा दोष कधीच दिसत नाही.

पंखा

इंजिन चालू ठेवून काटा मधोमध येईपर्यंत थांबा. ९०-९५ अंशांच्या आसपास पंखा सुरू व्हायला हवा, पाचेक अंश उतरल्यावर बंद. सुरू झाला नाही तर आधी फ्यूज पाहा. मग रेडिएटरच्या टाकीवर किंवा थर्मोस्टॅटजवळ बसवलेल्या फॅन स्विचचा सॉकेट काढा. दोन वायर असतील तर चावी ऑन करून त्या तारेच्या तुकड्याने जोडा, एकच असेल तर ती बॉडीला टेकवा. पंखा फिरला तर स्विच खराब. नाही फिरला तर मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या. आता फिरला तर रिले किंवा वायरिंग. तरीही नाही, तर मोटर. मोटरवर हलकेच टकटक केल्यावर फिरू लागली तर कार्बन ब्रश संपले आहेत. हे काम करताना बोटं, ओढणी, बाही पात्यांपासून लांब ठेवा, पंखा कुठल्याही क्षणी सुरू होऊ शकतो. एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत पंखा इसीएम, म्हणजे इंजिनचा संगणक, चालवतो. त्यात चालू इंजिनावर कूलंट सेन्सरचा सॉकेट काढला की बहुतेक गाड्यांत इसीएम खबरदारी म्हणून पंखा सुरू करतो.

पंखा फिरतो म्हणजे ठीक आहे, असंही नाही. मोटर बदलताना वायर उलट्या जोडल्या गेल्या तर तो उलटा फिरतो, म्हणजे इंजिनाकडची गरम हवा पुढे ढकलतो. रेडिएटरच्या पुढच्या बाजूने वर्तमानपत्राचं पान धरा. पंखा चालू असताना पान जाळीला चिकटून राहिलं पाहिजे. उडून बाहेर आलं तर वायर अदलाबदल करा. नुसतं लोंबत राहिलं तर मोटर थकली आहे किंवा जाळी बंद आहे. पंख्याभोवतीचा प्लास्टिकचा आच्छादक, ज्याला काऊल म्हणतात, काढून फेकलेला असेल तर तो परत बसवा. त्याच्याशिवाय पंखा पात्यांपुरतीच हवा ओढतो, बाकीचा रेडिएटर हवेविनाच राहतो.

थर्मोस्टॅट

"आपल्याकडे उष्ण हवा, थर्मोस्टॅट लागतो कशाला" हे वाक्य फार रुजलं आहे आणि ते चुकीचं आहे. थर्मोस्टॅट इंजिनचं किमान तापमान ठरवतो, कमाल नाही. तो पूर्ण उघडल्यावर त्याचं काम संपतं, पुढे सगळं रेडिएटर आणि पंख्याचं. काढून टाकला की इंजिन कायम थंड चालतं. पेट्रोल जास्त जळतं, कार्बन साठतो, ऑइलमध्ये ओल राहते, सिलिंडर लवकर झिजतात. एमपीएफआय गाडीला तर वाटतं की इंजिन अजून गरमच झालं नाही, म्हणून ती जास्त पेट्रोल देत राहते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तिथे तो काढला तर पाणी रेडिएटरला टाळून इंजिनातच गोल फिरतं आणि गाडी आणखी गरम होते.

तपासायला स्वयंपाकघरातलं जुनं पातेलं पुरतं. झाकणाचे बोल्ट काढून थर्मोस्टॅट बाहेर काढा, त्यावर कोरलेलं तापमान वाचा, बहुतेक ८२ किंवा ८८ असतं. दोऱ्याने तो पाण्यात मधोमध लटकवा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर ठेवा आणि मंद आचेवर तापवा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि साधारण १२-१३ अंश पुढे पूर्ण उघडून आठेक मिलिमीटर फट दिसली पाहिजे. पातेलं उतरवल्यावर तो पुन्हा घट्ट मिटला पाहिजे. समुद्रसपाटीपासून वर राहत असाल तर एक लक्षात ठेवा: महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे ८८चा थर्मोस्टॅट तिथे पूर्ण उघडलेला दिसणार नाही. तो दोष नाही. हे पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका. बसवताना छोटी खुळखुळणारी पिन वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच बाहेर पडते. गॅस्केट नवं लावा.

रेडिएटर: बाहेरून आणि आतून

बाहेरची धूळ इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, साध्या नळाच्या धारेने काढा. प्रेशर वॉशरने पत्रे आडवे होतात आणि मग तेच हवा अडवतात. एसी असलेल्या गाडीत कंडेन्सर (एसीची समोरची जाळी) आणि रेडिएटर यांच्या फटीत किडे, पाला, प्लास्टिक यांचा थर बसतो. तो वरून दिसत नाही, टॉर्च लावून पाहावं लागतं.

आतला थर हा बोअरवेलच्या पाण्याचा प्रसाद. गाडी गरम असताना, पंखा बंद करून, रेडिएटरवरून हात किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा. मध्येच थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. थर पातळ असेल तर सायट्रिक अॅसिडने निघतो. जुनं पाणी काढून साधं पाणी भरा, दर लिटरला साधारण २५ ग्रॅम सायट्रिक अॅसिड कोमट पाण्यात विरघळवून घाला, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत आणि पुढे वीस मिनिटं इंजिन चालवा, निवू द्या, काढा. मग स्वच्छ पाणी येईपर्यंत तीन-चार वेळा धुवा. अॅसिड रात्रभर आत ठेवू नका. फरशी धुण्याचं अॅसिड आणि कॉस्टिक सोडा तर अजिबात नको, दोन्ही अॅल्युमिनियम खातात. या धुण्यानंतर जुना रेडिएटर गळू लागला तर धुण्याला दोष देऊ नका. छिद्र आधीपासून होतं, क्षाराने बुजलेलं होतं.

तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर कारागीर टाकी सोडवून नळ्यांत पट्टी घालून साफ करतो, त्याला रॉडिंग म्हणतात. ते छान होतं. अॅल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकची टाकी असलेल्या रेडिएटरवर हे करता येत नाही, तो बदलावाच लागतो.

पंप

पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं. तिथून कूलंटचे रंगीत डाग उतरलेले दिसले तर आतलं सील गेलं. बेल्ट सैल करून पुली हातात धरून हलवा, खेळ लागला तर बेअरिंग गेलं. दोन्ही ठीक असूनही वेगात गरम होत असेल तर आतली पाती पाहायला पंप काढावा लागतो. वर्षानुवर्षं साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीत ती गंजून इतकी पातळ होतात की पंप फिरतो, पण पाणी ढकलत नाही. ज्या गाडीत पंप टायमिंग बेल्टवर आहे, तिथे टायमिंग बेल्ट बदलताना पंपही बदलून टाका, मजुरी एकदाच पडते.

हेड गॅस्केट गेलं का?

वरचं सगळं ठीक आहे आणि पाणी कमी होतंच आहे, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या, पण पुरावा मिळाल्याशिवाय हेड खोलू नका. थंड गाडीची टोपी काढून इंजिन सुरू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते थांबतात. बुडबुडे थांबतच नसतील आणि अॅक्सिलरेटर दिल्यावर पाणी उसळत असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. टोपी लावून थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तरी अर्थ तोच. प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. दोन तपकिरी आणि एक वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसला तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. गॅरेजमध्ये निळ्या द्रावणाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढली आणि रंग पिवळा झाला तर शंका उरत नाही.

ऑइलच्या झाकणाखालचा साईसारखा पांढरट थर मात्र एकटा पुरावा मानू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या ओलीनेही धरतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधट झालं असेल तर मात्र गाडी सुरूही करू नका.

हेड खोललंच तर त्याचा सपाटपणा पट्टी आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजून घ्या: लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर. या इंजिनाला ०.०५ मिलिमीटर ही मर्यादा आहे. त्याहून जास्त असेल तर फेस मारावा (यंत्रावर घासून सपाट करावा) लागतो. तडा आहे का, ते दाबाने तपासून घेतल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका. ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांत पाणी किंवा ऑइल राहिलं तर बोल्ट कसताना ब्लॉकला तडा जातो, म्हणून ती हवेने कोरडी करायची. बोल्ट मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) कसायचे. "हाताच्या अंदाजाने" बसवलेलं हेड पुन्हा उघडावं लागतं.

पाणी भरणं आणि हवा काढणं

चांगली दुरुस्ती इथे वाया जाते. कूलंटच्या डब्यावर आधी वाचा: तयार मिश्रण आहे की घट्ट. घट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं करा. हिमालयात जायचं नसेल तर एक भाग कूलंट आणि दोन भाग पाणीही आपल्याकडे पुरतं. घट्ट कूलंट न मिसळता भरू नका, त्यातलं ग्लायकोल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. हिरवं आणि लाल एकत्र करू नका, काही जोड्यांत चिकट गाळ तयार होतो. जुनं काढताना ते बादलीत धरा आणि किती निघालं ते मोजा, नवं तेवढंच आत गेलं पाहिजे. कमी गेलं तर हवा अडकली आहे. हे द्रव गोड लागतं आणि विषारी असतं, अंगणात सांडू देऊ नका, कुत्री-मांजरं चाटतात.

गाडीचं नाक चढावर करा, हीटर गरमवर ठेवा आणि टोपी उघडी ठेवून अगदी हळू भरा. भरताना वरचा होज दाबत राहा, गुळगुळ आवाज करत हवा निघते. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून अखंड धार आल्यावरच आवळा. इंजिन आयडलवर सोडा. वरचा होज एकाएकी गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला, पातळी खाली जाईल, भरत राहा. मग टोपी लावा आणि पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबा. हीटरमधून गरम हवा येत नसेल तर अजून हवा आत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर टोपी उघडून पातळी पुन्हा पाहा, थोडी उतरलेली असेल, पूर्ण करा. रिझर्व्ह बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि पुढचे आठ दिवस रोज सकाळी, गाडी त्याच जागी उभी असताना, ती रेघ बघा. आठ दिवसांत पाणी रेघेवर राहिलं तरच घाट चढायला घ्या. रोज थोडं थोडं उतरत असेल तर पुन्हा टोपी, होजच्या क्लिपा आणि पंपाच्या छिद्रापासून सुरुवात करा.